विहिरीकडची बाजू

उजवी बाजू पुन्हा जाड निघाली तेव्हा मी फळी खाली टाकली आणि मशीनलाच विचारलं, "अगं बाई, काल संध्याकाळी तर नीट होतीस की! मध्येच काय झालं तुला?"

मशीन काय बोलणार! मी जाडी मोजायचा व्हर्नियर पुसून परत लावला. डावीकडं बरोबर सात सूत, उजवीकडं सात सूत आणि वर पाव. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याचा पाव म्हणजे किती, तर पोस्टकार्डं दोन-तीन एकावर एक ठेवावीत तितकं. दाराच्या फळीत एवढं कुणी बघत नाही. पण मी करत होते मधमाश्यांची खोकी, आणि मधमाशीला एवढंसुद्धा चालत नाही.

ही गोष्ट आजऱ्याची, चौदा वर्षांपूर्वीची. आमचे हे तेव्हा मस्कतला सुतारकामाला गेलेले. पहिल्या वर्षाच्या कमाईतनं त्यांनी मुंबईहून थिकनेस मशीन मागवून दुकानात ठेवलं होतं. टेबलावर बसणारं, शिलाई मशीनपेक्षा थोडं मोठं. एका बाजूनं फळी आत घालायची, फिरत्या पात्यांखालनं ती तासली जाते आणि पलीकडनं बाहेर पडते, सगळीकडं सारख्या जाडीची. म्हणजे तशी पडायला पाहिजे. मी बारावी शिकलेली, मशीनबरोबरचं इंग्रजी पुस्तक घरात मलाच वाचता यायचं, म्हणून मशीन माझ्या हातात आलं.

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ते मशीन पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं. चाळीस वर्षं हातानं रंधा मारलेला माणूस! ते त्याला 'डबा' म्हणायचे. मला नाही म्हणायचे हं, माझ्याशी ते बोलतच नव्हते. आमच्या घरात सासरा सुनेशी सरळ बोलत नसे. काही सांगायचं असलं तर आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना सांगायचे, आणि त्या नसल्या तर भिंतीला, नाहीतर गोठ्यातल्या वासराला. एकदा माझ्या फळ्यांच्या टोकाला खड्डा पडत होता, तर मामंजी अंगणात उभे राहून वासराला म्हणाले, "फळी बाहेर पडताना तिचं शेपूट उचलून धरावं, न्हाईतर टोकाला पातं बसतंय." वासरानं मान हलवली. मी दुसऱ्या दिवशी शेपूट उचलून धरलं आणि खड्डा गेला.

दुकान म्हणजे एक लांब पडवी. एक दार रस्त्याला, एक अंगणात. बाकी दोन अंगांना खिडक्या, एकीतनं विहीर दिसायची, दुसरीतनं देऊळ. मी अंगणाच्या दारानं यायची आणि त्याच बाजूनं मशीनला फळी घालायची. मामंजी पहाटे रस्त्याच्या दारानं येऊन विश्वकर्म्याच्या तसबिरीला उदबत्ती लावायचे, झाडलोट करायचे आणि मी यायच्या आधी खोकून निघून जायचे. एका वेळी दोघं दुकानात, असं कधी झालंच नव्हतं.

नार्वेकर गुरुजी शाळेतनं रिटायर होऊन मधमाश्या पाळायला लागले होते. त्यांना साठ खोकी हवी होती. आधी सहा नमुन्याची, शनिवारपर्यंत. त्यांनी मला समजावून सांगितलं होतं, "आतली चौकट आणि खोक्याची भिंत यांच्यात माशीला जाण्यापुरतीच वाट पाहिजे. जास्त झाली तर ती वाटेतच पोळं बांधते. कमी झाली तर चिरडते. तुझी फळी जाड-बारीक झाली की माझी माशी गेली."

हे मामंजींच्या कानावर गेलं, आणि त्यांनी आत्याबाईंना निकाल सांगितला. मी दोन हातांवर भाकरी थापत बसले होते. "गुरुजींची खोकी झाली तर डबा राहील. न्हाई झाली तर गडहिंग्लजचा माणूस मागतोय, त्याला देऊन टाकू. आणि मग सूनबाईंनी घरातलं बघावं."

घरातलं बघावं! मला घरातलं वाईट नव्हतं. पण दोन महिने मी त्या पडवीत उभी होते, शिवणीच्या लाकडाचा वास हाताला लागला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा सकाळी उठल्यावर आज काय करायचंय ते मला ठाऊक असायचं. ते मला सोडायचं नव्हतं. एवढीच माझी मागणी होती.

आणि त्याच आठवड्यात मशीनच्या अंगात आलं.

सोमवारी सकाळी पहिल्यांदा उजवी बाजू पाव सूत जाड निघाली. पुस्तकात उपाय होता. पात्यांचा डोलारा दोन्ही बाजूंच्या दोन उभ्या स्क्रूंवर बसलेला असतो, आणि प्रत्येक बाजूला खाली एक बोल्ट. तो पान्यानं ढिला करून तेवढीच बाजू चढवता-उतरवता येते. एकूण जाडी वरच्या दांड्यानं ठरवायची, आणि ती मी दर वेळी डावीकडं मोजून सात सुतांवर आणायची. मी पाना काढला आणि नेमके बारा वाजले. बारा ते तीन आमच्याकडं लोडशेडिंग. फळी घालून बघता येणार नव्हती, म्हणून मी जेवायला घरात गेले.

"काय गं, तोंड का असं?" आत्याबाईंनी विचारलं.

"उजवी बाजू जाड येतीय, आत्याबाई. तीन वाजता उतरवते."

तीन वाजता करंट आला. आधी नक्की किती ते बघावं म्हणून एक फळी घातली. उजवीकडं अर्धा सूत जास्त! मी बोल्टला हात लावला नव्हता. सकाळी पाव होतं, आता अर्धा. परत मोजलं, तेवढंच. मग वाटलं, सकाळी मीच चुकीचं मोजलं असेल. उतरवली, आवळली, चार फळ्या काढल्या. काचेसारख्या आल्या. रात्री आत्याबाईंपुढं उजव्या बाजूचं रडगाणं गाऊन झालं.

मंगळवारी सकाळी उजवी परत पाव सूत चढलेली.

बोल्ट ढिला पडतो म्हणावं तर तो घट्ट होता. ढिला पडला तर बाजू खाली बसेल, वर कशी चढेल? मी उतरवली. दुपारी जेवून आले, परत चढली. उतरवली. बुधवारी सकाळी परत! मग मी कामच थांबवलं. बोर्डातली पिन काढली, वरचं झाकण उघडलं, भुसा फुंकून काढला, पाती सोडून पुसली, दोन्ही टोकांना सारखी बसलीत का ते मापानं बघितलं, रूळ ओल्या फडक्यानं साफ केले, खालच्या पत्र्याला मेणबत्ती घासली म्हणजे फळी सरकन जाईल. सगळं पुस्तकाबरहुकूम. सगळं ठाकठीक होतं. जेवून आले तर उजवी बाजू वर.

ह्यांचा मस्कतहून फोन आला. मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, "पाती उलटी बसवलीस काय?"

"तुम्हीच उलटे बसला असाल तिकडं! पाती उलटी असती तर लाकूड कापलं असतं का?"

"मग करंट कमी-जास्त होत असंल."

"करंट फक्त उजव्या बाजूला कमी-जास्त होतो का हो?"

त्यावर त्यांनी हात टेकले. मग म्हणाले, "आबांना विचार." आबा म्हणजे मामंजी. मी कपाळावर हात मारून घेतला. ज्यांनी आजवर माझ्याकडं तोंड वळवलं नाही, त्यांना काय विचारू? आणि वासराला मधे घालून विचारलं तर उत्तर शनिवारपर्यंत मिळणार होतं थोडंच!

गुरुवारी मी डोकं लढवलं. ही बया उजवीकडं चढतेच ना? मग आपण आधीच उजवी पाव सूत जास्त उतरवून ठेवू. चढली की आपोआप बरोबर होईल. तसं करून मी जेवायला गेले आणि आत्याबाईंना फुशारकीनं सांगितलं, "आता डावी जाड येतीय. बघूच काय करते ती."

परत येऊन फळी घातली. डावी बाजू अर्धा सूत जाड.

मी खाली भुशातच बसले आणि रडले. खोटं कशाला सांगू, हुंदके देऊन रडले. चार दिवस डोकं आपटूनसुद्धा मला कळत नव्हतं, की मी मशीन चालवते की मशीन मला चालवतंय. रडून झाल्यावर डोळे पुसले आणि पाना उचलला. त्याच्या दांड्यावर पांढरा डाग होता. नीट बघितलं तर अंगठ्याचा ठसा. चुन्याचा.

आमच्या घरात तंबाखूला चुना लावणारं माणूस एकच होतं.

मग सगळं माझ्या डोक्यात फटाफट बसलं. पहाटे कोण येतं दुकानात? दुपारी मी जेवते तेव्हा कोण मोकळं असतं? डबा कोणाला नकोय? अंगाची लाही लाही झाली माझी. म्हातारा एवढा खालच्या थराला जाईल असं मला वाटलं नव्हतं. तोंडानं बोलायचं नाही आणि मागनं पाना फिरवायचा! त्या रात्री मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली ती जरा आपटूनच वाढली.

शुक्रवारी सकाळी मी दोन्ही बाजू नीट केल्या आणि फळ्या काढायला लागले. निम्म्या झाल्या. एक फळी बाहेर पडली, दुसरी उचलली, तेवढ्यात करंट गेला. बारा वाजले होते. मी हातातली फळी तिथंच ठेवली आणि तरातरा घरात गेले. मामंजी ओसरीवर तंबाखू मळत बसले होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी आत्याबाईंना म्हणाले, "उजवी बाजू पुन्हा चढलीय बघा!"

हे खोटं होतं. चोर पकडायचा होता मला.

मी ताटावर बसले. पहिला घास घेतला. ओसरीवर खोकल्याचा आवाज झाला, मग चपलांचा. जा म्हटलं, जा. दोन घास खाऊन येतेच मी. दुसरा घास तोंडापर्यंत नेला आणि तिथंच थांबले. करंट गेला तेव्हा मशीन चालू होतं. मी स्विच बंद केला नव्हता. पिन काढली नव्हती. चार दिवस न चुकता पिन काढणारी मी, आज रागाच्या भरात तशीच आले होते.

"अगं, काय झालं?" आत्याबाई ओरडल्या. मी खरकट्या हातानं, अनवाणी पळत सुटले.

मामंजी रस्त्याच्या बाजूला उभे होते. वरचं झाकण उघडलेलं. डाव्या हातात पाना, आणि उजव्या हाताचा अंगठा आत, पात्यावर. हातरंध्याची धार बघतात तसा ते अंगठा हळूहळू पात्यावरनं नेत होते. स्विच चालूच होता. पिन बोर्डात होती.

"मामंजी, हात काढा!"

माझ्या आयुष्यात मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यांनी हात झटकन मागं घेतला. मी पिन उपटली आणि टेबलाला धरून उभी राहिले.

मामंजींनी सवयीनं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि फळ्यांच्या थप्पीला म्हणाले, "एवढं वरडायला काय झालं? धार बघत होतो."

"स्विच चालू राहिला होता! माझ्याकडनं राहिला. करंट आला असता म्हणजे? बोटं गेली असती तुमची!"

ते स्वतःच्या अंगठ्याकडं बघत राहिले. आणि आमचं लोडशेडिंग, त्याला ना घड्याळ ना काही, त्या दिवशी साडेबारालाच करंट आला. डोक्यावरची ट्यूब दोनदा लुकलुकून लागली. पंखा फिरायला लागला. मशीन गप्प होतं, कारण पिन माझ्या मुठीत होती. आम्ही दोघंही त्या पिनेकडं बघत होतो.

भीती गेली तसा माझा राग परत आला. बोलायचं नाही तर नाही, पण एकदा तोंड उघडलंच होतं.

"पण तुम्ही हे का करता, मामंजी? मी तुमचं काय वाईट केलंय? चार दिवस मी नीट करते आणि तुम्ही बिघडवून ठेवता. नको असेल डबा तर सरळ सांगा की!"

"बिघडवतो?" ते वळले. पहिल्यांदा माझ्याकडं तोंड करून उभे राहिले. "मी बिघडवतो? अगं, चार दिवस ही दोन गुडघी मोडून मी तुझी उजवी उतरवतोय! तू घरात सांगतीस उजवी जाड येतीय, ही मला सांगती, मी येऊन उतरवतो. काल म्हणालीस डावी जाड, डावी उतरवली. आणखी काय करू?"

"कुठली उजवी?"

"ही." त्यांनी देवळाच्या अंगाची बाजू थोपटली.

"ही डावी आहे!"

"ही डावी? ह्या हातानं चाळीस वर्षं रंधा मारला मी. मला उजवं-डावं शिकवतीस?"

"अहो, उजवी ही!" मी विहिरीच्या अंगाची बाजू थोपटली.

मशीनच्या अलीकडं मी, पलीकडं ते. माझा हात विहिरीकडच्या बाजूवर, त्यांचा देवळाकडच्या. दोघांचाही उजवाच. आम्ही हातांकडं बघितलं, मग एकमेकांकडं. त्यांच्या कपाळाची आठी हळूहळू सुटत गेली. त्यांनी पाना खाली ठेवला, मशीनला वळसा घातला आणि चालत माझ्या बाजूला आले. हातभर अंतर ठेवून माझ्या शेजारी उभे राहिले, रस्त्याकडं तोंड करून. स्वतःचा उजवा हात उचलून बघितला. खिडकीतनं दिसणारी विहीर बघितली.

"हात्तिच्या मायला!" ते म्हणाले.

मला हसू फुटलं. आवरेना. चार दिवसांचं रडू असं हसण्यातनं बाहेर पडलं. तेही हसायला लागले, मग खोकायला लागले. आत्याबाई अंगणाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आम्हाला दोघांना वेड लागलंय का ते बघत राहिल्या. बिचारीनं चार दिवस शब्दन्‌शब्द बरोबर पोचवला होता.

"पण एकदा चालू करून बघायचं की, फळी कशी येते ते," मी म्हणाले.

"आवाज झाला असता. म्हातारा चोरून डब्याला हात लावतोय म्हणून गल्लीभर झालं असतं." ते भुशात पायाच्या अंगठ्यानं रेघ ओढत राहिले. "आणि तुला वाटलं असतं, सासऱ्याचा भरवसा न्हाई."

"पण तुम्हाला तर डबा नकोच होता ना?"

"नकोच हाय." त्यांनी मशीनवरचा भुसा हातानं झाडला. "पण डबा गेला तर तूबी चुलीपाशी जाणार. पोरगं तिकडं मस्कतला. मग ह्या दुकानात लाकडाला हात लावायचं कोण? मी किती दिवस पुरणार?"

 मी नुसतीच पिन हातात घेऊन उभी होते. ते म्हणाले, "घाल ती पिन. न्हाई, थांब. आधी स्विच बंद कर." 

मी स्विच बंद केला, झाकण लावलं, मग पिन घातली. नशीब, आज त्यांचा पाना अजून बोल्टला लागला नव्हता. फळी घातली. मामंजी पलीकडं गेले आणि बाहेर येणारं शेपूट त्यांनी दोन्ही हातांनी उचलून धरलं. मी चार कोपरे मोजले. सात सूत, सात सूत, सात सूत, सात सूत.

"इथनं पुढं उजवी-डावी म्हणायचं न्हाई," ते म्हणाले. "विहिरीकडची आणि देवळाकडची. विहीर काय जागा सोडून जात न्हाई."

शनिवारी नार्वेकर गुरुजी आले. सहाही खोक्यांत चौकटी सरकवून बघितल्या, कडेनं करंगळी फिरवली. "जाईल माशी," एवढंच म्हणाले. साठ खोकी झाली, मग आणखी दोनशे. घरात मामंजी त्यानंतरही माझ्याशी बोलले नाहीत, आत्याबाईंमार्फतच भाजीत मीठ कमी असल्याचं कळवायचे. पण दुकानात पाय टाकला की, "वैजंता, पात्याला धार लाव. वैजंता, मेण घास." बारा वर्षं मी अंगणाच्या बाजूनं फळी घालत होते आणि ते रस्त्याच्या बाजूला उभे राहून शेपूट धरत होते. हे मस्कतहून परत आले, नवं मोठं मशीन आलं, तरी आमच्याकडं कामाला येणाऱ्याला पहिल्याच दिवशी विहीर आणि देऊळ दाखवावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी मामंजींच्या पोटात कळा यायला लागल्या. गडहिंग्लजच्या दवाखान्यात नेलं. तापानं ग्लानीत होते. डॉक्टर तरुण होते, वाकून मोठ्यानं विचारत होते, "आजोबा, दुखतंय कुठं? उजवीकडं की डावीकडं?"

"विहिरीकडं," मामंजी म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना वाटलं, ताप डोक्यात गेला.

"उजवीकडं बघा," मी म्हणाले.

त्यांनी उजवीकडं दाबलं. मामंजी कळवळले आणि मान हलवली, तिथंच, तिथंच. मग सुया, सलाईन, धावपळ सुरू झाली आणि मला बाहेर बसायला सांगितलं. बाकावर बसल्यावर माझ्या ध्यानात आलं. ते ज्या जागी बारा वर्षं उभे होते, त्या जागेवरनं विहीर डावीकडं होती. उजवीकडं ती फक्त माझ्या जागेवरनं होती. मी पदर तोंडाला लावला आणि ह्यांना फोन करायचा सोडून तिथंच बसून राहिले.